दाराशी उभी राहण्याआधी घरी सांग

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मावशी, मी २७ वर्षांची आहे. साताऱ्यात एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, पोवई नाक्याजवळ खोली घेऊन राहते. आमचं गाव लोणंदच्या पुढे. आण्णा माळकरी, आषाढीला दिंडी चुकवत नाहीत. आई शिखर शिंगणापूरच्या महादेवाची. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे एक वयस्क धर्मभगिनी भरती होत्या. रात्रपाळीला त्यांच्या उशाशी बसून मी त्यांची प्रार्थना ऐकायची. त्या गेल्या, पण ते काही मला सुटलं नाही. तेव्हापासून दर रविवारी कॅथलिक चर्चमध्ये जाते. कुणी बोलावलं नव्हतं, लग्नाचाही विषय नाही. आता फादर म्हणाले, पुढच्या महिन्यात दाराशी स्वागताचा विधी आहे, तयारी असेल तर तुझं नाव घेतो. मला भीती वाटते. तिथे काय बोलायचं? चुकलं तर? मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चालू असताना मध्येच बाहेर पाठवतात म्हणे, ते सगळ्यांदेखत? टिकली, कपडे, नाव यांचं काय? आणि घरी अजून कुणालाच माहीत नाही. विधी उरकून मग सांगितलं तर चालेल का?
— एक वाचक, सातारा"

लेकी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्यापुढे बाकीचे सगळे सोपे आहेत. नाही, विधी उरकून सांगून चालणार नाही. आधी सांग.

हे मी शिकवायचं म्हणून शिकवत नाही. मी मूळची सांगलीची, आमचं घर हिंदू. १९९१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मी असाच विधी केला. आईला सांगायचं धाडस नव्हतं. म्हटलं, एकदा होऊन जाऊ दे, मग सवडीने बसून सांगू. रविवारी संध्याकाळी विधी झाला आणि मंगळवारी आई दळण आणायला गिरणीत गेली. तिथे रांगेत कुणीतरी विचारलं, "पोरगी चर्चात गेली म्हणं तुमची?" आई डबा घेऊन घरी आली, ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "मला गिरणीत कळलं." एवढंच. पिठाचा डबा अजून गरम होता, झाकणाला पीठ लागलं होतं, आणि ती ते बोटाने पुसत राहिली. त्यानंतर आठ महिने आम्ही कामापुरतंच बोललो. पुढे सगळं सुरळीत झालं, ती माझ्या घरी राहायलाही आली. पण मी धर्म बदलला याचं तिला जेवढं लागलं नाही तेवढं ते गिरणीत कळल्याचं लागलं, आणि शेवटच्या आजारपणातही तिने तेच विचारलं. तुझ्या आईवर ती वेळ आणू नकोस.

आता विधीकडे येऊ. तो नीट समजला की घरी काय सांगायचं तेही तुला सुचेल.

फादरांनी तुला सांगितलेला हा विधी बाप्तिस्मा नाही. ही त्याच्या कितीतरी आधीची पायरी आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर साखरपुडा म्हण. शब्द दिला जातो, माणसांसमोर दिला जातो, पण लग्न व्हायचं असतं. या विधीनंतर तू दीक्षार्थी होशील, म्हणजे शिकणारी, वाटेवरची. तुझं नाव दीक्षार्थींच्या वहीत लिहिलं जाईल. मधल्या काळात मन पालटलं तर परत फिरायला तू मोकळी आहेस, कुणी अडवणार नाही. पण पायरी लहान असली तरी पोकळ नाही. त्या दिवसापासून ख्रिस्तसभा, म्हणजे सगळं कॅथलिक चर्च, तुला आपल्या घरातली धरते, इतकी की बाप्तिस्म्याआधी दीक्षार्थी वारला तर त्याला ख्रिस्ती अंत्यविधी मिळतो.

ही रीत फार जुनी. पहिल्या काही शतकांत मोठ्या माणसांना अशाच टप्प्याटप्प्याने तयार करत. मग ती मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ साली ती पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि १९७२ साली त्याचा विधिग्रंथ निघाला. पायऱ्या मुद्दामच ठेवल्या आहेत. घाईत कुणी येऊ नये, आणि आलेल्याला आपण कशात पाऊल टाकतोय ते कळावं.

त्या दिवशी तुम्ही सगळे चर्चच्या दाराबाहेर उभे असाल. फादर आतून बाहेर येतील, तुझं नाव विचारतील. मग विचारतील, ख्रिस्तसभेकडे तू काय मागतेस? पुस्तकात उत्तर दिलंय, 'श्रद्धा'. पुढचा प्रश्न, श्रद्धेने तुला काय मिळणार? त्याचं उत्तर, 'सार्वकालिक जीवन'. हे पाठ करायला दोन मिनिटं लागतात. पण स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यायलाही विधीत मुभा आहे, तेव्हा चुकण्याची धास्ती मनातून काढून टाक. मी 'श्रद्धा' घोकून गेले होते आणि ऐन वेळी तोंडातून निघालं, "मला इथे यायचंय." फादर क्षणभर थांबले, मान हलवली आणि पुढे गेले. तेही उत्तरच होतं. तुझं उत्तर तर तू पत्रातच लिहून पाठवलंयस: त्या गेल्या, पण ते मला सुटलं नाही. याहून खरं काय सांगणार?

मग फादर तुझ्या सोबतिणीला विचारतील आणि सगळ्या जमलेल्यांनाही विचारतील, की हिला साथ द्याल का? ते 'हो' म्हणतात ते नीट ऐक. तुझ्या 'हो'ची सगळे वाट बघत असतात, पण त्या दिवशी शब्द त्यांनीही दिलेला असतो.

सोबतीण म्हणजे तुला ओळखणारी, तुझ्याबद्दल चार शब्द खात्रीने सांगू शकणारी कॅथलिक बाई. हीच पुढे धर्ममाता होईल असं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता कमीत कमी १६ वर्षांची, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेली आणि श्रद्धेला धरून जगणारी हवी. आता सोबतीण निवडताना मोठं नाव बघू नकोस. रात्री अकरा वाजता फोन केला तर उचलणारी बघ.

यानंतर येते ती क्रूसाची खूण. आधी कपाळावर. मग कानांवर, प्रभूचा शब्द ऐकू यावा म्हणून. डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर. काही ठिकाणी हातांवर आणि पायांवरही. कपाळावरची खूण बहुतेक फादर करतात, बाकीच्या ते शब्द म्हणत असताना सोबतीण करते. पायांपाशी आलं की तुला धक्का बसेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. आपल्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं. इथे तुझ्या आईच्या वयाची बाई तुझ्यासमोर वाकते आणि अंगठ्याने तुझ्या पावलावर खूण करते. माझी सोबतीण सत्तरीची होती, गुडघ्यांनी अधू. ती एका हाताने दाराची चौकट धरून खाली बसली तेव्हा माझा पाय आपोआप मागे गेला. तिने तो घोट्याला धरून पुढे ओढला, जसा आपण लहान पोराचा चप्पल घालताना ओढतो. तिच्या तळव्याला भांडी घासून पडलेले घट्टे होते, ते मला पावलावर लागले. त्या दिवशीची प्रवचनं, गाणी सगळी विसरले मी. तो हात विसरले नाही. तू पाय मागे घेऊ नकोस.

मग तुम्हाला आत बोलावतात, वाचनं होतात. या विधीसाठी सुचवलेलं पहिलं वाचन बायबलमधल्या उत्पत्तीच्या १२व्या अध्यायातलं आहे. देव अब्राहामाला सांगतो, तुझा देश, तुझे नातलग, तुझ्या बापाचं घर सोड आणि मी दाखवीन तिकडे जा. तुझ्यासारखीला हे ऐकताना भरून येईल. म्हणून ते आधी घरी बसून दोन-तीनदा वाच. आणि एक ओळ सुटू देऊ नकोस: अब्राहाम निघाला तेव्हा त्याचा पुतण्या लोट त्याच्याबरोबर गेला. घर सोडण्याची हाक त्यालाही एकट्याने, कुणाला न सांगता पळून जाण्याची हाक नव्हती. दुसरं वाचन योहानाच्या शुभवर्तमानातलं, पहिल्याच अध्यायातलं. दोन माणसं येशूच्या मागे चालू लागतात, तो वळून विचारतो, तुम्ही काय शोधता? ती विचारतात, तू कुठे राहतोस? तो म्हणतो, या आणि पाहा. योहानाने सांगितलेल्या गोष्टीत येशूच्या तोंडचं हे पहिलंच बोलणं आहे, आणि ते प्रश्न आहे. हुकूम नाही. ड्यूटीवर जाताना ही सात-आठ वचनं मनात घोळव, तुझी तयारी त्यातच होईल.

प्रवचन झाल्यावर तुमच्यासाठी प्रार्थना होते आणि दीक्षार्थींना निरोप देतात. तुला हेच टोचतंय ना? ताटावरून उठवल्यासारखं वाटेल, हे खरं आहे. पण बाहेर काढून दार लावून घेणं नाही ते. शिकवणाऱ्या ताई तुमच्याबरोबर बाहेर येतात, आणि शेजारच्या खोलीत किंवा झाडाखाली बसून त्याच दिवसाच्या वाचनावर तुम्ही बोलता. ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीची, वेळ तुझी अजून आलेली नाही, आणि नसलेलं असल्यासारखं ख्रिस्तसभा करत नाही, एवढंच. अडचण असेल तिथे दीक्षार्थींना आत बसू देतात, तुमच्याकडे काय रीत आहे ते फादरांना विचार. 'मिस्सा' हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या निरोपाच्या बोलावरूनच आलाय. निरोप सगळ्यांनाच मिळतो, तुला थोडा लवकर. आणि ती भूक चांगली असते. मला त्या महिन्यांत मिस्सेची जेवढी ओढ होती तेवढी नंतर क्वचित वाटली.

टिकली, कपडे, नाव. टिकली लावणं पाप नाही. १९६९ साली भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली, त्यात चपला काढून जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार करणं, समई, आरती हे सगळं आलं. मराठी बाईने मराठी बाईसारखं दिसायला हरकत कुणाचीच नाही. फक्त कपाळावर खूण करताना अंगठ्याला टिकली चिकटते, म्हणून त्या दिवशी छोटी लाव किंवा दोन भुवयांच्या जरा खाली. कानांत मोठे झुमके नकोत. चप्पल पटकन काढता येईल अशी. साडी किंवा ड्रेस, जे तू सणाला घालतेस ते. पांढरं वस्त्र बाप्तिस्म्याला असतं, आत्ता नाही. आणि पांढऱ्या साडीने आईच्या पोटात कालवाकालव होणार असेल तर हेही सांगून ठेवते की स्थानिक रीतीप्रमाणे दुसरा रंग चालतो. नाव बदलायची सक्ती नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलं म्हणजे झालं. आईबापाने ठेवलेलं नाव घेऊनच देवासमोर उभी राहा, असं मला मनापासून वाटतं.

पुढचा प्रवास थोडक्यात. तुझी तयारी झाली असं फादरांना आणि शिकवणाऱ्यांना वाटलं की एखाद्या वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारी बाप्तिस्म्यासाठी निवडीचा विधी होतो. तो बिशपांसमोर व्हायचा असतो. सातारा पुणे धर्मप्रांतात येतं, बिशपांचं आसन पुण्याच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाजर यांची वाचनं, तुमच्यावर खास प्रार्थना. ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद, तिन्ही एकदम. ईस्टर चंद्रावर ठरतो, त्यामुळे कधी होळीच्या पुनवेनंतर येतो, कधी हनुमान जयंतीनंतर. म्हणजे तुझ्या आईची शिंगणापूरची यात्रा आणि तुझं ईस्टर एखाद्या वर्षी अगदी जवळजवळ येतील. त्याचीही मनाने तयारी ठेव.

आता घर.

आण्णा माळकरी आहेत हे तू घाबरून लिहिलंयस. मला ते वाचून धीर आला. माळ घातली की काय सोडावं लागतं, काय पाळावं लागतं, लोक काय बोलतात, हे त्या माणसाला ठाऊक आहे. देवाला दिलेला शब्द म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. तुझा शब्द त्यांच्या विठ्ठलाला नाही, हे दुःख त्यांना होणारच, आणि ते तू कमी करू शकत नाहीस. करायला जाऊही नकोस. 'देव एकच हो आण्णा' असं म्हणून त्यांची समजूत काढशील तर तुझंही खोटं होईल आणि त्यांचंही.

सुट्टी काढून जा. सणाच्या दिवशी नको, पाहुणे असताना नको, फोनवर तर मुळीच नको. संध्याकाळी हरिपाठ झाला, जेवणं झाली की दोघांना एकत्र बसव. आईला आधी फोडून आण्णांना सांगायला लावू नकोस, तिच्यावर दोन्हीकडून येईल. सरळ सांग: मी दीड वर्ष चर्चमध्ये जाते, पुढच्या महिन्यात असा एक विधी आहे, त्याने मी अजून ख्रिस्ती होत नाही पण त्या वाटेला लागते, आणि तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून आधी सांगायला आले. त्या धर्मभगिनींची गोष्ट सांग. पंढरपुराबद्दल, शिंगणापूरबद्दल एकही उणा शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. ते तुला येतच नसेल, पण वाद पेटला की माणूस काहीही बोलून जातं. आई रडली तर तिच्याबरोबर रड. आण्णा उठून अंगणात गेले तर मागे जाऊ नकोस, परत येऊ दे.

भाऊ किंवा चुलते विचारतील, किती पैसे मिळाले? रागावू नकोस. आमिष दाखवून किंवा बळजबरीने कुणालाही श्रद्धेकडे ओढायला ख्रिस्तसभेने स्वतःच सक्त मनाई केली आहे, त्याच व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या दस्तऐवजात ते स्पष्ट लिहिलंय. तुला कुणी काही देऊ केलं असेल तर ते आत्ताच फादरांच्या कानावर घाल. शेताच्या वाट्याचाही विषय निघेल. धर्म बदलला म्हणून तुझा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या २६व्या कलमाने अडचण येते ती नंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातलगांकडून वारसा मिळण्यात. तुझा जातीचा दाखला कोणता ते तू लिहिलं नाहीस, पण अनुसूचित जातीचा असेल तर राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशाप्रमाणे ती सवलत हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही. नोकरीवर त्याचा परिणाम होणार असेल तर बाप्तिस्म्याच्या आधी वकिलाकडे बसून सगळं विचारून घे. ही बाब लपवणारा माणूस तुझा हितचिंतक नाही, मग तो चर्चमधला का असेना.

त्यांनी 'थांब' म्हटलं तर काय? तू सज्ञान आहेस, परवानगीची गरज नाही. पण एखाद-दोन महिने मागितले तर दे. विधी पुन्हा होईल, फादर समजून घेतील. 'कधीच नको' म्हटलं तर मात्र तुला ठरवावं लागेल, आणि ते मी इथून ठरवू शकत नाही. ठरवशील ते त्यांच्या तोंडावर सांगून कर.

आणि घरी जाणं बंद करू नकोस. पुढच्या आषाढीला पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत जाईल. तू नर्स आहेस. फोड आलेले पाय धुवायला, मलमपट्टी करायला दोन दिवस जा, आण्णांच्या दिंडीतच जा. पूजेत तुझा हात नसेल, पण त्या पायांना तुझा हात लागायला कुणाचीच ना नाही.

एक राहिलं. आईआण्णांना विधीला ये म्हण. येणार नाहीत असं धरून चालू नकोस, नुसतं विचार. आण्णांना सांग की गुडघे टेकायचे नाहीत, काही म्हणायचं नाही, काही घ्यायचं नाही. चर्चमध्ये पाऊल ठेवायला मन घेत नसेल तर तेही नको. नाव विचारणं, तुझं उत्तर, क्रूसाच्या खुणा, हे सगळं दाराबाहेरच होतं. फादरांना आधी सांगून आवारात सावलीला, दार नीट दिसेल अशा जागी, दोन खुर्च्या ठेवून घे.

तुझी मावशी